सात तासांचे लिस्बन

थांब्याचे महत्त्व आमच्या अंबरनाथ-बदलापूर परिसराला निराळे सांगावे लागत नाही. बदलापूर हे नावच घोडे बदलण्याच्या जागेवरून पडले, असे जुनी माणसे सांगतात. शेजारचे उल्हासनगर १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीतून वाढले. तात्पुरता मुक्काम पिढ्यांचे घर झाला. आमचे वडीलही नोकरीपुरते वसईहून अंबरनाथला आले आणि इथलेच झाले. म्हणून टोरांटोला धाकट्या भावाकडे जाताना लिस्बन विमानतळावर सात तास थांबावे लागणार हे कळले, तेव्हा कुणाच्याच कपाळावर आठी पडली नाही.

प्रश्न होता तो आईचा. वय ७९, गुडघे दुखरे. विमानतळावरच विसावा घ्यावा, असे सौ.चे मत. कन्येला नदीकाठचा बेलेमचा मनोरा पाहायचा होता. आई एवढेच म्हणाली, "संत अंतोनीचं घर तिथंच आहे ना? मला तेवढं दाखवा."

मी हिशेब मांडला. शेंगेन व्हिसा आधीच काढला होता. त्यावाचून सहसा आपल्याला विमानतळाबाहेर पडता येत नाही. बाहेर पडायला एक तास, परतीच्या तपासण्यांसाठी तीन. हाती उरले तीन. एवढ्या वेळात एकच ठिकाण मनासारखे पाहता येते. बेलेम वगळले. विमानतळापासून मेट्रो आहे. पण आईसाठी टॅक्सी केली.

लिस्बन टेकड्यांवर वसलेले, उतारावरून तेजो नदीकडे झुकलेले शहर. याच नदीतून ७ एप्रिल १५४१ रोजी संत फ्रान्सिस झेवियर निघाले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्याला पोहोचले. तेरा महिन्यांची ती वाट आम्ही एका दिवसाच्या आत उलट कापली होती. चढावरच्या एका दुकानात कन्येने पाट्या वाचल्या आणि ती हसू लागली : 'बटाटा', 'अननस'. पाव, चावी, काजू हे शब्दही याच भाषेतून आपल्या घरांत शिरले, हे मी तिला सांगितले.

मनात मात्र एक अवघडलेपण होते. १५३४ च्या तहाने वसई ज्यांच्या हाती गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ज्यांच्याकडून ती जिंकून घेतली, त्या राज्यकर्त्यांची ही राजधानी. इथे आपण पाहुणे, की जुने प्रजाजन? मी हे बोलून दाखवताच आई म्हणाली, "मी राजाकडे नाही आले रे. अंतोनीकडे आले."

संत अंतोनीचे चर्च मुख्य कॅथेड्रलच्या अगदी पुढ्यात आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सकल संतांच्या सणादिवशी झालेल्या भूकंपात जुने चर्च कोसळले. तळघर तेवढे वाचले. पुढे चर्च पुन्हा उभारताना लहान मुलांनी संताच्या नावाने नाणी गोळा केली, असे सांगतात. १९८२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे इथे प्रार्थनेसाठी आले होते. संताचा जन्म झाला ती जागा म्हणून हे तळघर दाखवतात. कन्येच्या खांद्यावर हात ठेवून आई एकेक पायरी उतरली आणि त्या लहानशा वेदीपुढे बराच वेळ बसली.

हरवलेली किल्ली असो की रेल्वेचा पास, आमच्या घरी संत अंतोनीला साकडे घातले जाते. म्हणून मी विचारले, "आज काय मागितलंस?"

"काहीच नाही. त्याच्या आईची आठवण आली. पोरगं इथून गेलं, ते परत आलंच नाही."

मी गप्प झालो. १२२० मध्ये फ्रान्सिस्कन झालेला हा तरुण मोरोक्कोला गेला, आजारी पडला, परतताना वादळाने त्याचे जहाज सिसिलीला लागले आणि १३ जून १२३१ रोजी त्याने पादुआजवळ देह ठेवला. जगाने त्याला पादुआचा म्हटले, तरी लिस्बनने आपला हक्क सोडलेला नाही. १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर प्राण देणाऱ्या गोन्सालो गार्सियांना वसईही अशीच आपले म्हणते. धाकटा अकरा वर्षांत घरी आला नव्हता. आईच्या जपमाळेत तो रोज होता. आमच्या बोलण्यात क्वचितच.

आमच्या धर्मग्रामांत आज अशी कितीतरी घरे आहेत. लेकरे टोरांटोला, मेलबर्नला, दुबईला. घरी दोन म्हातारी माणसे आणि फोन. दूर गेलेली मुले हरवलेली नसतात, हे खरे. पण त्यांना शोधायला कुणीतरी निघावे लागते, आणि गुडघे दुखत असतानाही बहुधा आईच निघते.

पायऱ्या चढून वर आल्यावर तिने घड्याळ विचारले. अजून वेळ होता. नदी पाहून येऊ, असे कन्येने सुचवले. आई म्हणाली, "नदी तू परत येऊन बघ. मला आता धाकट्याला बघायचंय."