उरलेला प्रकाश

सृष्टीच्या उत्पत्तिकथांत सूर्योदय हे बहुधा आरंभाचे चिन्ह असते. जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) यांच्या ‘द सिल्मरिलियन’मध्ये मात्र सूर्य उशिरा येतो, आणि येतो तो अवशेष म्हणून. बायबलमधील ‘उत्पत्ती’तही प्रकाश पहिल्या दिवसाचा आणि सूर्य-चंद्र चौथ्या दिवसाचे आहेत. कॅथलिक टॉल्किन यांनी या दोहोंमधील अंतरात ऱ्हासाचा इतिहास रचला.

प्रथम इलुइन आणि ओर्माल हे दोन महादीप. मेल्कोर ते उलथून टाकतो. त्यानंतर रुपेरी टेल्पेरियन आणि सोनेरी लॉरेलिन हे दोन वृक्ष. त्यांचे उजळणे-मंदावणे हेच कालमापन होते. दिवसातून दोनदा दोन्ही प्रकाश एकमेकांत मिसळत. मेल्कोर वृक्षांवर घाव घालतो आणि कोळ्याचे रूप घेतलेली उंगोलिअंट त्यांचा रस शोषून घेते. मरणाऱ्या टेल्पेरियनच्या अखेरच्या फुलाचा चंद्र होतो, लॉरेलिनच्या अखेरच्या फळाचा सूर्य. एकेकाळी मिसळणारा प्रकाश आता विभागलेला आणि दूरस्थ आहे.

वृक्षांचा निर्मळ प्रकाश उरतो तो फेआनोरने घडविलेल्या तीन रत्नांत. ती फोडली तर वृक्ष पुन्हा जगतील, असे त्याला सांगितले जाते. तो नकार देतो. रत्ने तोवर चोरीस गेलेली असतात, हे त्याला ठाऊक नसते. त्या नकाराने वृक्षांचे भवितव्य बदलत नाही. नकार देणाऱ्याचे बदलते. प्रकाश साठविणारा प्रकाशाचा स्वामी ठरतो काय, हा या मिथकाचा गाभ्याचा प्रश्न आहे.

उत्तरायुष्यात असाच प्रश्न स्वतः टॉल्किन यांच्यापुढे उभा राहिला. सपाट पृथ्वी आणि उशिरा जन्मलेला सूर्य त्यांना खगोलशास्त्राच्या दृष्टीने अस्वीकार्य वाटू लागला. सूर्य आरंभापासूनच होता, असे मानणारी टिपणे त्यांनी लिहिली. ती १९९३ मध्ये ‘मॉर्गॉथ्स रिंग’ या खंडात प्रसिद्ध झाली. आपली घडण फोडण्याची तयारी त्यांनी दाखविली, हे फेआनोरला न जमलेले औदार्य खरे. पण रत्ने फोडून वृक्ष जगणार होते. ही कथा फोडून काय जगणार होते, याचे उत्तर टिपणांत सापडत नाही. पुनर्रचना अपुरीच राहिली, आणि ख्रिस्तोफर टॉल्किन यांनी १९७७ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात जुनाच क्रम कायम राहिला.

दुरुस्त आराखड्यातील सूर्य विज्ञानास मान्य झाला असता. मात्र रोजच्या उजेडात हरवलेल्या प्रकाशाची आठवण उरली नसती.