मशीनचा गळा

राजशेखराची 'काव्यमीमांसा' शिकवताना वाशिमच्या वर्गात दरवर्षी एक गंमत घडते. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून निघतो, त्याला प्रेमाच्या बंधनात बांधण्यासाठी गौरी साहित्यविद्यावधू निर्माण करते, ती त्याच्यामागे देशोदेशी हिंडते आणि शेवटी विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात दोघांचा गांधर्वविवाह होतो, ही कथा मी सांगतो. वत्सगुल्म म्हणजेच आपले वाशिम, असे म्हटल्यावर वर्गात हास्याची एक लाट उठते. ज्या गावाला जिल्ह्याचा दर्जा मिळायला १ जुलै १९९८ उजाडावा लागला, त्या गावात साक्षात काव्याचे लग्न लागले, ही गोष्ट मुलांना खरी वाटत नाही. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, लग्नात मशीन कोणाची होती?"

सगळा वर्ग हसला. मीही हसलो, पण त्या दिवशी पुढचे व्याख्यान मला नीट देता आले नाही.

आमच्या भागात 'मशीन' हा शब्द कशालाही लागू शकतो. पण लग्न, सप्ताह, भजन किंवा जयंतीच्या संदर्भात मशीन म्हणजे अँप्लिफायर. त्याला जोडलेले भोंगे, माईक, वायरींचे भेंडोळे आणि बॅटरी असा सगळा संसारही त्याच शब्दात येतो. आमच्या गावात या मशिनींना सरसकट 'आहुजा' म्हणत. १९४० पासून भारतात सार्वजनिक ध्वनिक्षेपणाची साधने बनवणाऱ्या दिल्लीच्या या कंपनीचे नाव खेड्यापाड्यांत सामान्यनाम होऊन बसले होते. माझ्या मामांच्या मशीनवरची नावाची पट्टी केव्हाच पडून गेली होती, त्यामुळे ती खरोखर कोणाची होती हे मला सांगता येणार नाही. पण लोक तिला आहुजाच म्हणत.

मामा शेती करीत आणि मंगरूळपीर व मानोरा तालुक्यांतल्या गावांत मशीन भाड्याने नेत. याहून महत्त्वाचे म्हणजे ते बेंजो वाजवीत. शहरी वाचकाला बेंजो म्हटले की अमेरिकन लोकसंगीतातले गोल कातडी तोंडाचे वाद्य आठवेल. आमचा बेंजो त्याच्याशी नावापुरताच जोडलेला आहे. ही एक लांबट लाकडी पेटी. तिच्यावर तारा ताणलेल्या असतात आणि डाव्या हाताखाली टाइपरायटरसारखी बटणे. बटण दाबले की तार त्या सुरावर दाबली जाते आणि उजव्या हातातल्या पट्टीने ती छेडायची. हिचे मूळ जपानी आहे. १९१२ साली नागोया येथे तयार झालेले 'ताइशोगोतो' हे वाद्य आपल्याकडे आले, बुलबुलतरंग झाले आणि महाराष्ट्रात बेंजो झाले. पुढे कोणीतरी तिच्या तारांखाली गिटारसारखा चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवले. त्या क्षणापासून बेंजोला मशीन लागू लागली आणि मशीन हे त्या वाद्याचे अंग झाले.

मामांची मशीन हे एक करड्या रंगाचे जड लोखंडी खोके होते. समोर गोल बटणांची रांग. ती घरच्या विजेवर चाले आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चाले. या दुसऱ्या सोयीचे मोल ज्याने विदर्भातले भारनियमन सोसले आहे त्यालाच कळेल. भजन ऐन रंगात आले की वीज जाई. मामा न बोलता ट्रॅक्टरच्या बॅटरीचे चिमटे लावीत आणि अर्ध्या मिनिटात अभंग पुढे सुरू होई. मशीनच्या आतला ट्रान्सफॉर्मर आवाजाचा व्होल्टेज वाढवून बाहेर पाठवी, म्हणून साध्या बारीक वायरीवरही दूरचे भोंगे वाजत. एक भोंगा देवळावर, एक पारावरच्या लिंबावर, एक शाळेच्या कौलांवर आणि एक वेशीबाहेर. चार दिशांना चार भोंगे लावायचे, हा मामांचा नियम होता. भोंग्याचे तोंड कोणत्या वस्तीकडे करायचे हा खेड्यात साधा प्रश्न नसतो. जी माणसे देवळाच्या ओट्यावर बसत नव्हती, किंवा ज्यांना बसू दिले जात नव्हते, त्यांच्याही दारापर्यंत भजन तेवढ्याच जोराने गेले पाहिजे, असे मामा मानीत. बोलून दाखवीत नसत, वायर ओढीत. १४ एप्रिलला तीच मशीन, तोच बेंजो बुद्धविहारासमोर असे. तुकडोजी महाराजांची भजने आणि वामनदादा कर्डकांची भीमगीते मी एकाच मशीनच्या गळ्यातून ऐकत वाढलो. ती एकमेकांपासून दूर असलेली वाङ्मये आहेत, हे मला महाविद्यालयात गेल्यावर कळले.

या मशीनचा आवाज कसा होता? स्वच्छ नव्हता, हे आधीच सांगतो. बेंजोची वायर मामा माईकच्या जागी खुपशीत. माईकमधून येणारा विद्युत्संदेश अत्यंत क्षीण असतो आणि त्या जागेची रचना तेवढाच क्षीण संदेश पेलण्यासाठी केलेली असते. बेंजोच्या वेटोळ्यातून येणारा संदेश त्याच्या कितीतरी पट मोठा. तो आत मावत नसे. लाटेचे माथे कापले जात, आणि कापल्या गेलेल्या माथ्यांतून मूळ सुरात नसलेले नवे स्वरांश उपजत. तारेचा पातळ, टिणटिणता नाद दाट, खरखरीत आणि लांबणारा होई. भोंग्याला खर्ज जवळजवळ पेलतच नाही. तो मधल्या पट्टीचा आवाज तेवढा धारदार करून पुढे फेकतो, आणि माणसाच्या बोलण्यातला अर्थ बहुतांशी त्याच पट्टीत असतो. त्यामुळे अर्ध्या कोसावरच्या शेतात रखवालीला बसलेल्या माणसालाही शब्द कळत आणि त्यांच्यामागे बेंजो एखाद्या घोगऱ्या गळ्याच्या म्हाताऱ्यासारखा साथ करीत राही. पहाटेपर्यंत बॅटरी उतरू लागली की तो गळा आणखी बसे. जुने श्रोते त्या वेळेची वाट पाहत.

१९९६ साली मी एम. फिल.च्या निमित्ताने आमच्या भागातली भजने गोळा करू लागलो. उसना टेपरेकॉर्डर घेऊन मामांकडे गेलो. मंडळ जमले, मशीन लागली, आणि पहिल्याच धृपदाला माझ्या कपाळावर आठी आली. शब्द टिपायचे, पाठभेद नोंदवायचे, तर ही घरघर हवी कशाला? मी म्हणालो, "मामा, मशीन बंद करा न. नुसतं म्हणा."

मामांनी माझ्याकडे पाहिले. "काऊन बाप्पा? मशीन का तुले चावून राह्यली?"

"आवाज फाटून राह्यला, मामा. शब्द साफ येत नाहीत."

"फाटला नाही तो. तिचा गयाच तसा हाय," मामा म्हणाले. पण भाचा शिकलेला होता. त्यांनी बटण बंद केले. चार कॅसेटी भरल्या. माझ्या प्रबंधात त्या भजनांच्या संहिता आहेत, पाठभेद आहेत, छंदविचार आहे. मशीनचा उल्लेख एकदा आहे, तो 'ध्वनिमुद्रणातील अडथळे' या शीर्षकाखाली.

नोकरी लागल्यावर पहिल्या दिवाळीला मी मामांसाठी नवी यंत्रणा घेतली. मिक्सर होता, दोन उंच स्पीकर होते, आवाज आरशासारखा. मोठ्या अभिमानाने ती गावी नेली. जुने खोके घरात जागा अडवीत होते, म्हणून दारावर आलेल्या भंगारवाल्याला मीच ते वजनावर देऊन टाकले. मामा शेतात होते. संध्याकाळी त्यांना कळले तेव्हा ते काही बोलले नाहीत. नव्या यंत्रणेवर त्यांनी एक भजन वाजवले. बेंजोची प्रत्येक तार वेगळी ऐकू आली, पट्टीचा प्रत्येक आघात ऐकू आला, आणि इतकी वर्षे जो सूर लांबत जाऊन पुढच्या सुराला मिळत असे, तो जागीच विझताना ऐकू आला. मामांनी बेंजो पेटीत ठेवला. "बिनमिठाचं वरण झालं रे," एवढेच म्हणाले. त्यानंतर त्यांनी मशीनचा धंदा केला, सप्ताहाला मिक्सर लावला. बेंजो मात्र क्वचितच काढला. २०११ साली ते गेले.

मी काय केले होते हे मला पुष्कळ उशिरा आणि फार दूरच्या वाटेने समजले. शिकागोच्या लिटल वॉल्टरने १९५२ साली 'ज्यूक' ही धून वाजवली तेव्हा माऊथ ऑर्गन आणि माईक एकाच ओंजळीत धरून तो अँप्लिफायरला त्याच्या ताकदीबाहेर ढकलत असे. त्या वाद्याचे नवे व्यक्तिमत्त्व त्या दाटीतूनच घडले. १९६४ साली किंक्स या इंग्रजी बँडच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या लहानशा, स्वस्त अँप्लिफायरच्या स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरला आणि त्या फाटक्या आवाजातून एका गाण्याने जग जिंकले. किन्शासाच्या कोनोनो नंबर वन या मंडळाने मोटारींच्या भंगारातल्या चुंबकांतून माईक बनवले, आपली लिकेंबे ही पारंपरिक वाद्ये भोंग्यांतून वाजवली, आणि २००४ साली त्यांची तबकडी निघाल्यावर युरोपातले जाणकार थक्क झाले. ज्या स्वस्त मशिनी एकेकाळी शाळा-सभागृहांतल्या भाषणांसाठी बनल्या होत्या, त्यांतल्या मॅस्कोसारख्या अमेरिकन मशिनी आज माऊथ ऑर्गन वाजवणारे आवर्जून शोधतात. कोणाला जुनी मशीन मिळत नाही, तर तिच्या आवाजाची संगणकीय नक्कल विकत घेतात.

या उदाहरणांमुळे मामांची मशीन थोर ठरते असे मला म्हणायचे नाही. शिकागोने मान्यता दिली म्हणून मंगरूळपीरचा गळा खरा, हाही पुन्हा एक गुलामीचाच विचार झाला. मला दिसले ते एवढेच की 'अडथळा' हा शब्द मी कोणत्या अधिकाराने वापरला होता. माझ्या मनात शुद्ध संहितेची एक कल्पना होती आणि ती छापील पुस्तकाने घडवली होती. भजन म्हणजे शब्द; शब्दांवर चाल; चालीवर आवाज; आणि आवाजावर साचलेली धूळ म्हणजे मशीन. ही उतरंड मी कधी तपासलीच नाही. ज्या राजशेखराच्या जिवावर मी वर्गात वत्सगुल्माची फुशारकी मारतो, तो काकूचा, म्हणजे स्वराच्या हेलकाव्याचा, आणि काव्यपठणाचा स्वतंत्र विचार करतो. कोणत्या प्रदेशातले लोक काव्य कसे म्हणतात हे नोंदवतो. रचना करणे एकवेळ साधेल, पण म्हणता येणे ही सरस्वतीची सिद्धी, असा त्याचा भाव आहे. मी तो भाग दरवर्षी शिकवीत होतो आणि मशीन बंद करायला सांगणारा मीच होतो.

मशीनचा दुसरा चेहराही मला ठाऊक आहे. भोंग्याने आजाऱ्यांची झोप मोडली आहे, परीक्षेच्या मुलांना छळले आहे, वस्त्यावस्त्यांत ईर्षा पेटवल्या आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा भोंग्यांना बंदी घातली, ती अकारण नव्हे. पण आज मिरवणुकीत छाती हादरवणाऱ्या भिंती उभ्या असतात, त्यांत शब्द कोठे ऐकू येतो? मामांची मशीन या भिंतींच्या तुलनेत दुबळी होती. आपला दुबळेपणा तिने गाण्याच्या कामी लावला होता. ती ओरडत नसे, घसा खरवडून गात असे.

मागच्या पावसाळ्यात त्या चार कॅसेटी संगणकावर उतरवून घेतल्या. पहिल्या कॅसेटीच्या सुरुवातीला, भजनाच्या आधी, काही सेकंदांचा तुकडा आहे. प्रबंध लिहिताना तो मी नेहमी पुढे पळवीत असे. टेप आधीच सुरू झाली होती. प्रथम मशीनची गुणगुण ऐकू येते, मग बेंजोवर कोणीतरी सहज फिरवलेला एक हात, मग तो सूर दाटत, खरखरत लांबत जातो. तो संपायच्या आत माझा आवाज येतो, "मामा, मशीन बंद करा न." मग दोघांचे ते दोन-तीन वाक्यांचे बोलणे. मग बटणाचा खटका. त्यानंतर सगळे अगदी स्वच्छ आहे.

या वर्षी काव्यपुरुषाच्या लग्नाचा पाठ आला की मुलांना हा तुकडा ऐकवायचा, असे ठरवले आहे. मशीन कोणाची होती, हे निदान एका लग्नापुरते तरी मला सांगता येईल.