पांढरीवरचा तास

घोड नदीकाठच्या एका शाळेत एका पोरानं दप्तर उलटं केलं आणि माझ्यापुढं खापरांचा ढीग पडला. तांबड्यावर काळ्या रेघा, एकदोन तुकड्यांना तोटी. अस्सल जोर्वे, म्हणजे इथल्या ताम्रपाषाणयुगातली खापरं. मी एक उचलून टिचकी मारली, खणकन वाजलं. बाजारात आजी मडकं वाजवून घेते ना, तसं.

"कुठनं आणलीस?"

"पांढरीवरनं." म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावरनं.

"पांढरीवर कुठनं? वरनं, की कडेतनं? किती खोल होती?"

त्याचं तोंड उतरलं. दोन दिवस उन्हात वेचली होती त्यानं.

चूक माझी होती. आदल्या आठवड्यात मीच अशी खापरं वर्गात हातोहात फिरवली होती. उत्खननावर येऊन "सोनं निघालं का?" असं विचारणाऱ्या गावकऱ्यांना मी हसायचो, पण देखणे तुकडे दाखवून मी तरी वेगळं काय शिकवत होतो? मोल वस्तूचं, एवढंच.

याच नदीवरच्या इनामगावात डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. घरांच्या जमिनीखाली दोन-दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी पुरलेली निघाली. आत लहानग्यांची हाडं. कुणी ती आधीच उचलून नेली असती, तर ती नुसती मडकीच उरली असती. जागेवर सापडली म्हणून कळलं, की सुमारे ३००० वर्षांपूर्वी इथली माणसं गेलेलं लेकरू घरातच ठेवत.

आता पहिला तास मी पांढरीवरच घेतो. धाब्यावर टाकायला, शेतात घालायला माती नेऊन नेऊन टेकाडाची एक बाजू कापलेली असते. त्या कडेसमोर पोरांना उभं करतो. हात पाठीमागं, नुसतं बघायचं. वर भुसभुशीत राख, मग चोपलेली जमीन, खाली पुन्हा राख. मागं एकदा एक मुलगी म्हणाली, "सर, ही रेघ सारवणाची आहे. एकावर एक किती हात दिलेत बघा." ते थर ओळखायला मला कॉलेजात एक हिवाळा लागला होता. ती घरी दर आठवड्याला सारवत होती.

दप्तरवाला पोरगा त्या दिवशी खापरं गोळा करत म्हणाला होता, "सर, परत ठेवून येतो."

"कुठं ठेवशील?"

तो थांबला. खापरं त्यानं माझ्याकडंच दिली.

उत्खननातल्या प्रत्येक खापरावर आम्ही खड्डा आणि थर शाईनं लिहितो. ही धुऊन, वाळवून ठेवली आहेत. लिहायला काही नाही.