दहा प्रश्नांचा कागद

दोन महिन्यांपूर्वी दवाखान्यात जुन्या ओळखीच्या एक वहिनी आल्या. त्यांच्या लेकीचे पहिले बाळंतपण जर्मनीत व्हायचे होते. व्हिसा हाती आला होता, तिकीटही निघाले होते. पर्समधून त्यांनी एक लांबलचक यादी काढून माझ्या टेबलावर ठेवली. अळीव, डिंक, खारीक, ओवा, बाळंतशेपा, वेखंड आणि सर्वांत शेवटी ‘तापाचे अँटिबायोटिक, चार बाटल्या’.

“मॅडम, तिकडे म्हणे साध्या तापाला औषधच देत नाहीत. बाळाला काही झालं तर करायचं काय? तुम्ही एवढं लिहून द्या, म्हणजे मला घोर नाही.”

मी यादीकडे पाहत राहिले. त्या यादीत बाळासाठी आणि बाळंतिणीच्या पोटासाठी सारे काही होते. बाळंतिणीच्या मनासाठी मात्र काहीच नव्हते. वहिनींना दोष कसा द्यावा? पंचवीस वर्षांपूर्वी मी स्वतः परदेशी निघाले, तेव्हा डॉक्टर असूनही माझ्या सामानाची यादी हुबेहूब अशीच होती.

1999 च्या ऑक्टोबरात सहा महिन्यांच्या लेकीला कडेवर घेऊन मी इंग्लंडमधील लीड्स शहरी उतरले. माझे पती संगणक क्षेत्रात होते. वर्ष 2000 उजाडताना संगणकांतील तारखांचा घोळ होऊ नये, म्हणून त्या काळी आपल्याकडील असंख्य अभियंते परदेशी पाठवले जात होते. त्यांतलेच ते एक. साताऱ्यातील माझा दवाखाना मी मैत्रिणीच्या स्वाधीन केला होता. माझी एम.बी.बी.एस. पदवी तिथे तशीच्या तशी चालणार नव्हती. परीक्षा देऊन नोंदणी करावी लागणार होती. तान्ह्या मुलीला सोडून ते तूर्त शक्य नव्हते. ‘दोन वर्षे विश्रांती मिळेल’, असे सगळे म्हणाले. मलाही ते पटले होते.

डिसेंबरात लीड्सला सूर्य सकाळी सव्वाआठनंतर उगवतो आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास मावळतो. पती अंधारात बाहेर पडत आणि अंधारातच परत येत. मधला सारा दिवस दोन खोल्या, एक खिडकी, बाळ आणि मी. साताऱ्यात दिवसाला साठ-सत्तर माणसांशी बोलणारी मी, तिथे एखाद्या दिवशी दुकानातल्या मुलीला म्हटलेल्या ‘थँक यू’पलीकडे तोंडातून शब्द काढीत नसे. बाळाला बाहेर न्यायचे म्हणजे कपड्यांचे चार थर, मोजे, टोपी, बाबागाडीवर प्लॅस्टिकचे आवरण. एवढे होईतो तिला भूक लागे आणि सारे थर पुन्हा उतरवावे लागत. कितीदा तरी मी दारापर्यंत जाऊन परत फिरले.

रविवारी फोनचे कार्ड खरवडून आईला फोन करायचा. त्या मोजक्या मिनिटांत प्रश्न ठरलेले असत. बाळ दूध पितं का? वजन किती झालं? दात आले का? मी प्रत्येक वेळी म्हणे, “सगळं छान आहे.” आई म्हणे, “नशीब काढलंस हो.” फोन ठेवल्यावर मला रडू येई आणि त्या रडण्याची लाज वाटे. इतके चांगले घर, समजूतदार नवरा, धडधाकट बाळ. मग रडायचे कशासाठी?

31 डिसेंबरच्या रात्री पती कार्यालयात जागरणाला होते. बाराच्या ठोक्याला साऱ्या शहरावर आतषबाजी सुरू झाली. बाळ दचकून उठले. मी तिला घेऊन खिडकीशी उभी राहिले. रंगांची ती उधळण पाहताना मला काहीच वाटत नव्हते. आनंद नाही आणि भीतीही नाही. ते ‘काहीच न वाटणे’ माझ्या चांगले स्मरणात आहे. एखाद्या रुग्णाने मला हे सांगितले असते, तर मी पेन खाली ठेवून त्याच्याकडे नीट पाहिले असते. स्वतःच्या बाबतीत मी पडदा ओढला आणि झोपायला गेले.

ब्रिटनमध्ये पाच वर्षांखालील प्रत्येक मुलामागे एक ‘हेल्थ व्हिजिटर’ असते. ही जास्तीचे प्रशिक्षण घेतलेली परिचारिका बाळाचे वजन, लसी, वाढ पाहते आणि घरीही येते. प्रत्येक बाळाचे लाल रंगाचे एक पुस्तक असते. त्यात सगळ्या नोंदी होतात. आमच्याकडे येणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या. जानेवारीत त्या आल्या, बाळाला वजनकाट्यावर ठेवले, अ, क आणि ड जीवनसत्त्वांचे थेंब चालू आहेत ना ते विचारले. मग पिशवीतून एक कागद काढून माझ्या हाती दिला. “हा बाळासाठी नाही, तुमच्यासाठी आहे.”

बाळंतपणानंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी एडिंबरा येथे तयार झालेली, 1987 साली प्रसिद्ध झालेली ती दहा प्रश्नांची चाचणी होती. गेल्या सात दिवसांत हसू आले का, उद्याची उत्सुकता वाटली का, चुकीसाठी उगाच स्वतःला दोष दिला का, कारण नसताना धास्ती वाटली का, असे साधे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज जितकी जास्त, तितकी काळजी अधिक. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल असतो. त्या प्रश्नाला माझे खरे उत्तर ‘कधीच नाही’ असे होते. उरलेल्या नऊ प्रश्नांना मी खोटी उत्तरे दिली. डॉक्टर असल्यामुळे कोणत्या खुणेला शून्य मिळते, हे एका नजरेत कळत होते. आणि डॉक्टर असल्यामुळेच ‘मला हे झाले आहे’ असे म्हणवत नव्हते.

बाईंनी बेरीज केली, कागदाची घडी घातली आणि शांतपणे म्हणाल्या, “शून्य गुण मिळवणाऱ्या आया मी फारशा पाहिलेल्या नाहीत.” मग लाल पुस्तकाच्या आतल्या पानावर आपला फोन क्रमांक लिहून त्या गेल्या.

फेब्रुवारीत लेकीला ताप आला. तिथला थर्मामीटर सेल्सिअसचा. 39.5, म्हणजे आपला 103. खोकला नाही, जुलाब नाही, कान दुखत असल्याचे चिन्ह नाही. तिथल्या डॉक्टरांनी तिला नखशिखांत तपासले, मान आखडलेली नाही याची खात्री केली आणि पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवले. अंगावर पुरळ दिसले, तर त्यावर काचेचा पेला दाबून पाहा. दाबूनही ते फिके झाले नाही, तर त्याच पावली रुग्णालयात या, एवढे मात्र बजावले. मेंदूज्वरासोबतच्या रक्तदोषाचे ते लक्षण असते.

मला संताप आला. माझ्या दवाखान्यात अशा तापाला मी पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक लिहिले असते. घरी आणलेली बाटली कपाटात होतीच. दुसऱ्या रात्री मी ती काढून टेबलावर ठेवली. पाणी उकळून गार केले, झाकण उघडले. पती म्हणाले, “तू डॉक्टर आहेस. कशासाठी देते आहेस, तेवढं मला सांग.” मला सांगता येईना. ताप कशाचा हे मला माहीत नव्हते. माझी भीती कमी व्हावी म्हणून मी ते औषध बाळाला देणार होते. झाकण परत लावले.

चौथ्या दिवशी सकाळी ताप उतरला आणि छाती-पाठीवर गुलाबी पुरळ उमटले. पेला दाबला, पुरळ फिके झाले. रोझिओला! सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांना होणारा विषाणूजन्य ताप. तीन-चार दिवस कडक ताप आणि तो उतरताना पुरळ. परीक्षेत मी त्यावर टीप लिहिली होती. अँटिबायोटिक दिले असते, तर त्याच पुरळाला मी औषधाची ॲलर्जी समजले असते आणि जन्मभर लेकीच्या कागदांवर ती खोटी नोंद राहिली असती.

बाळ बरे झाले, आणि त्या सकाळी मात्र माझा बांध फुटला. स्वयंपाकघरातील फरशीवर बसून मी तासभर रडले. मग लाल पुस्तक उघडून त्या क्रमांकावर फोन केला आणि म्हटले, “तो कागद मला पुन्हा भरायचा आहे.”

या वेळी बेरीज सतरा आली. तेरा किंवा त्याहून अधिक गुण आले, तर नीट तपासणी व्हावी असे सर्वसाधारणपणे मानतात. बाईंनी डॉक्टरांची वेळ ठरवली. माझा थायरॉइड आणि रक्तातील हिमोग्लोबिन तपासले गेले, कारण त्यांच्या बिघाडातही असाच थकवा आणि उदासी येऊ शकते. हिमोग्लोबिन कमी निघाले. त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. मनासाठी पहिला उपाय म्हणजे दर आठवड्याला बाई एक तास येत आणि ऐकत. सल्ला फारसा देत नसत. औषधाची गरज पडली असती, तर स्तनपान चालू असतानाही डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेता येण्याजोगी औषधे होती. मला ती लागली नाहीत. काहींना लागतात, त्यात कमीपणा काही नाही. पतींनी शनिवारची सकाळ बाळासह स्वतःकडे घेतली. त्या वेळेत मी झोपे किंवा एकटीच कर्कगेटच्या जुन्या मंडईत जाऊन मेथी-कोथिंबीर मिळते का ते पाही.

बाईंनीच मला चर्चच्या दालनात भरणाऱ्या माता-बालकांच्या गटात नेऊन बसवले. तिथे त्या उन्हाळ्यात एकच विषय होता. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या लसीमुळे मुले स्वमग्न होतात, अशी भीती ब्रिटनभर पसरली होती. 1998 साली ‘लॅन्सेट’मध्ये अवघ्या बारा मुलांवर आधारलेला एक निबंध आला होता, त्याचा हा परिणाम. पुढे त्यातील दावे खोटे ठरले आणि 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ने तो मागे घेतला, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक नव्हते. एका आईने मला विचारले, “तू देणार आहेस ही लस?” मी तिला इंटर्नशिपमधले प्राथमिक आरोग्य केंद्र सांगितले. गोवरानंतर न्यूमोनिया झालेले दोन वर्षांचे मूल, त्याच्या फासळ्यांची धाप आणि पहाटे त्याला कापडात गुंडाळून घेऊन गेलेली त्याची आई. दालन गप्प झाले. मी म्हटले, “मी देणार आहे.” पुढच्या आठवड्यात लेकीला ती लस दिली. त्या गटातील किती जणींनी दिली, ते मी मोजले नाही. परंतु इंग्लंडला आल्यापासून डॉक्टर म्हणून मी बोलले, ते त्या दिवशी प्रथमच.

2001 च्या अखेरीस आम्ही परतलो. दवाखान्यात माझे दोन नियम बदलले होते. कारण सांगता येत नसेल, तर अँटिबायोटिक लिहायचे नाही. आणि बाळाला घेऊन आलेल्या आईला, बाळ तपासून झाल्यावर विचारायचे, “आणि तू कशी आहेस?” हा प्रश्न ऐकून किती जणींच्या डोळ्यांत पाणी येते, ते मी रोज पाहते. त्यांचे माहेर दोन गल्ल्यांपलीकडे असते. त्यासाठी परदेशी असावे लागत नाही. परदेशात एवढेच होते की, ते पाणी कुणाला दिसत नाही.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस हळवेपण येते आणि जाते. पण उदासी, चिडचिड किंवा सतत धास्ती दोन आठवड्यांहून अधिक टिकली, बाळ झोपलेले असतानाही आईला झोप येईना, बाळाबद्दल काहीच वाटेनासे झाले, तर तो स्वभाव नव्हे, आजार आहे. दहांतील एका आईला तरी तो होतो. वर्षभरात केव्हाही होऊ शकतो आणि उपचाराने बरा होतो. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले, भलतेच भास होऊ लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आपल्याकडे ‘टेलिमानस’चा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. परदेशी असलेल्या लेकींनी तिथल्या डॉक्टरांना वा परिचारिकेला सांगावे. विचारतील तेव्हा खरे सांगावे. माझ्यासारखे शून्य गुण मिळवू नयेत.

वहिनींच्या यादीतली अँटिबायोटिकची ओळ मी खोडली. तीन महिन्यांच्या आतील बाळाला 38 अंश, म्हणजे 100.4 किंवा अधिक ताप आला, तर घरी काहीही न करता लगेच तिथल्या डॉक्टरांकडे न्यायचे, हे तिथे लिहिले. त्याखाली आणखी एक ओळ लिहिली : ‘रोज लेकीला विचारायचे – जेवलीस का, झोपलीस का, बरं वाटतंय का, आणि ती “छान आहे” म्हणाली, तरी थोडा वेळ तिच्याजवळ बसायचे.’

वहिनींनी ते दोनदा वाचले. “एवढंच, मॅडम?” म्हणाल्या. आवाजात निराशा होती.

गेल्या आठवड्यात त्यांचा जर्मनीहून संदेश आला. बाळ साडेतीन किलोंचे, दूध उत्तम पिते. खाली लिहिले होते, ‘लेकीला तीन आठवडे झोपच नाही. मला काल सांगितलं. उद्या तिच्या डॉक्टरकडे चाललोय, जावईसुद्धा येणार आहेत.’

मी उत्तर पाठवले, ‘बरे केलेत, वहिनी. परवा मला कळवा.’