कातारेल्लाच्या दारात

मराठीच्या प्राध्यापिकेने सिसिलीला जावे ते ग्रीकांची देवळे पाहायला, नाहीतर १९३४ चे नोबेल मिळवणाऱ्या पिरांदेल्लोचे जन्मस्थान पाहायला. मी गेले ते एक पोलीस ठाणे पाहायला. आणि तेही खोटे! यजमान वाटभर हसत होते.

हा सारा प्रताप फौजदार मोंतालबानोचा. आंद्रेआ कामिल्लेरी यांच्या कादंबऱ्यांवरून इटलीच्या ‘राय’ने काढलेली ही दूरचित्रवाणी मालिका १९९९ साली सुरू झाली आणि २०२१ पर्यंत चालली. आमच्या घरी ती इंग्रजी उपशीर्षकांचा हात धरून आली आणि घरचीच झाली. लूका झिंगारेत्तीने उभा केलेला हा टक्कल पडलेला फौजदार सकाळी समुद्रात पोहतो, जेवताना कुणी बोललेले त्याला खपत नाही, आणि कायदा व न्याय यांचे वाकडे आले की तो न्यायाच्या बाजूला झुकतो. असा माणूस कुणाला आवडणार नाही? दूर जेनोवात राहणाऱ्या लिव्हियाशी त्याची फोनवरची भांडणे तेवढी मला कंटाळवाणी वाटतात.

त्याचे विगाता गाव नकाशावर सापडत नाही. कामिल्लेरींचा जन्म १९२५ चा, पोर्तो एम्पेदोक्ले या बंदरातला. विगाता बेतले ते त्यावरून. त्या बंदराने तर २००३ ते २००९ अशी सहा वर्षे आपल्या नावापुढे ‘विगाता’ जोडूनही पाहिले. चित्रण मात्र झाले तिथून शंभराहून अधिक किलोमीटर पूर्वेला, रागूसा भागात. १६९३ च्या भूकंपात हा मुलूख जमीनदोस्त झाला आणि गुळाच्या ढेपेसारख्या पिवळसर दगडात पुन्हा उभा राहिला. देवळांचे ते नक्षीदार दर्शनी भाग, त्या उतरत्या पायऱ्या पाहून डोळे निवतात.

शिक्ली गावात आम्ही उतरलो तेव्हा मी जराशी हिरमुसलेच. पडद्यावर या गल्ल्यांत चिटपाखरू नसते; फौजदारसाहेबांची मोटार काय ती एकटी धावते. इथे मात्र दुचाक्यांचा गोंगाट, भाजीच्या पिशव्या, दारात गप्पा ठोकणारे म्हातारे. मला वाईट वाटले, आणि मग त्या वाईट वाटण्याचीच लाज वाटली. माणसे वजा केली की गाव सुंदर होते, हे मला शिकवले कुणी?

नगरपालिकेची देखणी इमारत हेच मालिकेतले ठाणे. आतल्या खोल्या पडद्यावर दिसतात तशाच मांडून ठेवल्या आहेत. तिकीट काढून पाहता येतात. दाराशी कातारेल्लाची जागा. हा ठाण्यातला शिपाई. वरिष्ठांशी तो सरकारी इटालियन बोलू जातो, मध्येच त्याची सिसिलियन बोली उसळी मारते, आणि दोन्हींची अशी काही खिचडी होते की पुसू नका. फोनवर आलेले एकही नाव तो धड सांगत नाही. कुणी आले की, ‘स्वतः जातीनिशी’ आल्याची वर्दी देत तो दार धाडकन उघडतो. त्याला पाहून मी पोट धरधरून हसले आहे.

आमच्याबरोबर काही इटालियन प्रवासी होते. त्यांतल्या एकाने कातारेल्लाची नक्कल केली आणि सगळे खळखळून हसले. तिकिटांपाशी बसलेली मुलगीही हसली. पण सर्वांच्या मागून, आणि केवळ ओठांनी.

ते हसू माझ्या ओळखीचे होते. काही वर्षांपूर्वी वर्गात एका खेड्यातल्या मुलाला मी उतारा वाचायला सांगितला. त्याने ‘पाणी’चे ‘पानी’ केले. वर्ग हसला. मीही हसले. तो असाच हसला, सर्वांच्या मागून. त्याचा आवाज पुन्हा माझ्या तासाला उमटला नाही. बोलीभाषेच्या वैभवावर मी त्याच महिन्यात एका परिसंवादात व्याख्यान दिले होते.

कामिल्लेरींवर मला दोष ठेवता येत नाही. त्यांनी आपले लेखनच सिसिलियन मिसळलेल्या इटालियनमध्ये केले, आणि इटलीने ते डोक्यावर घेतले. कातारेल्लालाही त्यांनी केवळ विदूषक ठेवले नाही; संगणकापुढे बसला की ठाण्यात त्याच्याइतका हुशार दुसरा नाही. मोंतालबानो त्याच्यावर ओरडतो खरा, पण त्याला दूर लोटत नाही. म्हणजे लेखकाने माणूस दिला होता. मी त्यातली फजिती तेवढी उचलली.

परतताना मी यजमानांना म्हटले, “यंदा पहिल्या तासाला मी वाचायला अडखळणाऱ्यालाच उठवणार. आणि कुणाला हसू द्यायची नाही.”

“आधी स्वतः कातारेल्लाला हसणे सोड,” ते म्हणाले.

वर्गातले जमले आहे. घरातले अजून जमत नाही.