पाठ बघून घ्या!

बाबांच्या स्टॅम्प अल्बममध्ये एक चौकोन कायम रिकामा होता. १५ ऑगस्ट १९४८ ला, स्वातंत्र्याला एक वर्ष झालं त्या दिवशी, पोस्टाने गांधीजींची चार तिकिटं काढली. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. छपाई थेट स्वित्झर्लंडची, वर देवनागरी आणि उर्दूत ‘बापू’. पहिली तीन बाबांनी कॉलेजात असताना जमवली. दहा रुपयांचं तेव्हा परवडलं नाही, आणि नंतर आमच्या फिया आल्या.

म्हणून मनोरीतल्या एका जुन्या घरात अल्बम विकायला काढलाय असं कळल्यावर मी शनिवारी मार्वेहून बोट पकडली. आण्टींनी पान उघडलं. दहा रुपयांचे बापू! शिक्का अगदी कोपऱ्यात, चेहरा स्वच्छ. घासाघीस न करता मी दोन लेखांचं मानधन त्यांच्या हातात ठेवलं. परतीची बोट चुकेल म्हणून माझी नुसती घाई चाललेली. आण्टींनी तिकीट पानावरून ओढून काढलं. चर्र असा बारीक आवाज आला. समोरून तर सगळं ठीक दिसत होतं.

बाबांच्या साठीला गिफ्ट दिलं. त्यांनी चिमट्याने तिकीट उलटं केलं, काळ्या तबकडीत ठेवलं आणि त्यावर वॉटरमार्क बघायच्या द्रवाचे दोन थेंब टाकले. मधोमध नखाएवढा काळसर डाग उमटला.

‘थिन,’ बाबा म्हणाले. म्हणजे कागदाचा पापुद्रा गेलाय. पूर्वी तिकिटं हिंजने, म्हणजे गोंद लावलेल्या दुमडलेल्या चिटोऱ्याने, पानावर चिकटवायचे. ते हिंज जोरात ओढलं की तिकिटाची पाठ सोलून निघते. समोरून कळत नाही, किंमत मात्र धाडकन उतरते.

‘फसवलं तुला!’ आई म्हणाली. मीही तावातावाने फोन उचलला आणि एकदम तो चर्र आठवला. फसवलं कुणीच नव्हतं. तो पापुद्रा मनोरीतल्या त्या पानावरच राहिला होता, माझ्या डोळ्यांदेखत.

बाबांना खरं सांगितलं. ते हसले. ‘अगं, शिक्का मारलेलं तिकीट ना? पानासकट कापून आणायचं. घरी कोमट पाण्यात तरंगवलं असतं तर आपोआप सुटलं असतं. आणि पैसे मोजण्याआधी पाठ बघायची, उजेडात धरायचं.’

चौकोन आता भरलाय. कुणी अल्बम बघायला आलं की बाबा ते तिकीट बाहेर काढतात, दिव्यासमोर धरतात आणि आधी ती पातळ जागा दाखवतात.

‘ही आमच्या लेकीची घाई,’ म्हणतात, आणि मग बापू दाखवतात.