थायरॉईड आणि दुखऱ्या कंडरा

दिवाळीच्या तोंडावर आम्हा फिजिओथेरपिस्टांकडे गर्दी वाढते. माळ्यावरचे डबे उतरवून खांदा भरून येतो, सोऱ्या दाबून अंगठ्याच्या मुळाशी कळ मारते, दिवसभर ओट्याशी उभं राहून टाच ठणकते. बहुतेकींचं दुखणं भाऊबीज होईपर्यंत निवळतं. काही जणींचं मात्र संक्रांत आली तरी तसंच असतं, आणि आधी टाच, मग मनगट, मग खांदा असं फिरत राहतं. अशा वेळी मी विचारते, "थायरॉईड कधी तपासलंत?" समोरची बाई बुचकळ्यात पडते. टाचेचा आणि गळ्याचा काय संबंध?

संबंध आहे. स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा म्हणजे कंडरा, म्हणजेच टेंडन. तिचा रक्तपुरवठा बेताचा असतो. रोजच्या वापराने होणारी झीज तिच्यातल्या पेशी नवं कोलॅजन तयार करून भरून काढतात, आणि या पेशींमध्ये थायरॉईड हार्मोनचे रिसेप्टर असतात. हार्मोन कमी पडलं की दुरुस्ती रेंगाळते. शिवाय हायल्युरॉनिक ॲसिडसारखी, पाणी धरून ठेवणारी द्रव्यं शरीरात जागोजागी साठतात. थायरॉईड मंदावलेल्या माणसाचा चेहरा सकाळी सुजरा दिसतो तो यामुळेच. मनगटातल्या अरुंद बोगद्यात अशी सूज आली की नस दाबली जाते आणि रात्री हाताला मुंग्या येऊन झोप मोडते. बोट दुमडल्यावर अडकून 'टक्' करून सरळ होणं, खांदा जाम होणं, या तक्रारीही अशा रुग्णांत जास्त दिसतात.

दवाखान्यात मी एक साधी तपासणी करते. रुग्णाला खुर्चीवर गुडघे टेकवून, पावलं मागे अधांतरी सोडायला सांगते आणि टाचेमागच्या जाड अकिलिस कंडरेवर रबरी हातोडी मारते. निरोगी माणसाचं पाऊल झटकन मागे जातं आणि तितक्याच चटकन परत येतं. थायरॉईड बराच मंदावला असेल तर ते मागे जातं नेहमीसारखं, पण परत येताना सावकाश येतं. यावर निदान होत नाही, त्यासाठी टीएसएचची रक्ततपासणीच लागते. पण हे परतणं एकदा पाहिलं की रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवायला मी उशीर लावत नाही.

"आम्ही तर आयोडीनचंच मीठ खातो," असं पुष्कळ जणी सांगतात. ते बरोबरच आहे. पण आयोडीन पुरेसं मिळणाऱ्या भागात थायरॉईड मंदावण्याचं मुख्य कारण वेगळं असतं. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉईड ग्रंथीवर उलटते. जपानी सर्जन हाकारू हाशिमोतो यांनी 1912 मध्ये ग्रंथीच्या या दाहाचं वर्णन केलं, म्हणून त्याला हाशिमोतोंचंच नाव आहे. तो झालेल्या माणसाने मनाने आयोडीनचे थेंब किंवा गोळ्या घेऊ नयेत, त्रास वाढू शकतो.

उपचार म्हणजे लेव्होथायरॉक्सिनची गोळी. ती बहुधा आयुष्यभर घ्यावी लागते आणि नीट घेतली तर उत्तम काम करते. गोची होते ती घेण्याच्या पद्धतीत. बँकेत काम करणाऱ्या एक ताई सकाळी चहासोबत ही गोळी घ्यायच्या आणि हाडं दुखतात म्हणून लगेच कॅल्शियमची. गोळी चालू असूनही टीएसएच चढाच, म्हणजे थायरॉईड अजून मंदच, टाच आणि मनगट दुखतच होतं. ही गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्यासोबत घ्यायची असते. चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी किमान चार तासांनी. डॉक्टरांनी मात्रा तीच ठेवून वेळा बदलल्या. मात्रा किंवा पद्धत बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करायची असते. ताईंचा पुढचा रिपोर्ट सुधारलेला होता.

टाच मात्र तरीही दुखत होती, आणि इथेच अनेकांचा धीर सुटतो. रक्तातला आकडा आठवड्यांत सुधारतो, कंडरेला महिने लागतात. तिला बळकट करायचं तर हळूहळू वाढत जाणारा भार द्यावा लागतो. नुसत्या विश्रांतीने ती आणखी कमकुवत होते. स्वीडनमधल्या अल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये अकिलिससाठी बारा आठवड्यांचा व्यायाम मांडला. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, दोन्ही टाचा उचलायच्या आणि दुखऱ्या पायाची टाच सावकाश खाली न्यायची. दुखणं टाचेच्या हाडाला अगदी लागून असेल तर पायरी नको, जमिनीवरच करावा. थायरॉईडच्या रुग्णांना मी कमी आवर्तनांपासून सुरुवात करायला लावते, कारण त्यांचे स्नायूही लवकर थकतात. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाढलेलं नसावं. ताईंनी स्वयंपाकघरातल्या पाटावर हा व्यायाम नेमाने केला आणि नवरात्रात देवीचा डोंगर चढून आल्या.

प्रत्येक दुखणं थायरॉईडच्या माथी मारू नये, हेही तितकंच खरं. मधुमेहातही खांदे जाम होतात. सकाळी तासाच्या वर बोटं आखडलेली राहत असतील तर संधिवात तपासावा. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन ही प्रतिजैविकं कंडरांना इजा करू शकतात, म्हणून चालू असलेलं प्रत्येक औषध डॉक्टरांना सांगावं. थायरॉईड मंदावला की कोलेस्टेरॉलही वाढतं. त्यावरची स्टॅटिनची गोळी टीएसएच न तपासता सुरू झाली, तर स्नायू दुखण्याचा धोका वाढतो.

घरातली बाई 'अंग दुखतंय' म्हणते तेव्हा आपण 'वय झालं' म्हणून मोकळे होतो. तसं करू नका. दुखणं जागा बदलत असेल, सोबत थकवा, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठता, पाळीतले बदल असतील, तर टीएसएच तपासून घ्या. निदान झालं तर गोळी वेळेवर, तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि व्यायाम रोज. फराळाची तयारी घरातल्या सगळ्यांनी वाटून घ्या, आणि त्या बाईला व्यायामासाठी दिवसातला थोडा वेळ हक्काचा मिळेल एवढं बघा.